पंचमीला न्यायला

हळ्ळीखेड (बी),
१२ मे २०२४

चि. भाग्यलक्ष्मी हिस,
श्रीदेवीअक्काचे अ. उ. आ.

पाकिटावर मी सुनीलकुमार असंच लिहिलंय, त्याचा राग धरू नकोस. जेलाच्या कागदावर तू सुनीलकुमार आहेस. दुसरं नाव घातलं तर पत्र परत येईल, असं आपल्या वकील शिवलीलाताई म्हणाल्या. आत मात्र तुझं नाव माझ्या हातानं लिहिलंय. तू हे नाव घेतलंस तेव्हा मी म्हटलं होतं की एवढी लांबलचक हाक मारायला मला सवड नाही. आता रोज चुलीपुढं बसून तीच हाक मनात मारते.

लग्नातल्या त्या सोन्याच्या साखळीचं काय झालं ते देवालाच ठाऊक. तुम्ही सगळ्या मांडवात गेलात, नाचलात, नवरानवरीला आशीर्वाद दिलात, आणि साखळी हरवली म्हणताच बाकीच्या पळाल्या. तू तेवढी सापडलीस. लहानपणी लंगडीतही तू पहिल्याच डावात बाद व्हायचीस.

फोन तुझ्या दाजींच्या खिशात असतो, त्यामुळं मोकळं बोलता येत नाही. म्हणून एक युक्ती काढलीय. जेलातली पत्रं साहेबलोक उघडून वाचतात म्हणे, पण त्यांना येतं कन्नड. आपण मराठीत लिहू, म्हणजे मनातलं सगळं लिहिता येईल. आईची आणि गल्लीतल्या बायांची पत्रं तूच लिहायचीस, वरच्या शि. सा. न. वि. वि. पासून खालच्या लोभापर्यंत एक अक्षर न चुकता. आता एकदा स्वतःसाठी लिही.

जामिनाला शेत असलेला माणूस लागतो. आपल्यात शेत इरप्पाअण्णाच्या नावावर. तो अजून ठाणाकुशनूरच्या घरात तुझं नाव काढू देत नाही. पण मी त्याची पाठ सोडणार नाही, माझा स्वभाव तुला माहीत आहे.

जीवाला जप. माया आहे तेवढी राहू दे.

तुझी,
श्रीदेवी


जेलातून,
२१ मे २०२४

ती. श्रीदेवीअक्कास,
भाग्यलक्ष्मीचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. पाकीट फोडलेलं होतं, पण देणाऱ्या शिपायानं काहीच विचारलं नाही. तेव्हा तुझी युक्ती चालली असं समजून मोकळं लिहिते.

आत घेताना झडती असते. बायकांच्या झडतीला बाई शिपाई, पुरुषांच्या झडतीला पुरुष. मला कोणी तपासायचं यावर त्यांचा बराच वेळ खल झाला. बाई शिपाई नको म्हणाली. पुरुषांतलं कुणी नको म्हणालं नाही. उलट चहाला गेलेल्यांना बोलावून आणलं. सगळे कपडे काढून मला उभं केलं आणि हसले. पोलीस ठाण्यात जे झालं ते याहून वाईट होतं, ते लिहीत नाही. तिथं ज्यानं केस धरून फरपटलं त्याच्या मुठीत राहिलेले केस परत मागावेत असं मला सारखं वाटत होतं. बघ, अशा वेळी माणसाला काय सुचतं.

बराक पुरुषांची. पहिले काही दिवस संडासाच्या दाराशी बसून काढले. आता मात्र बरं चाललंय. राघोबा नावाचे एक म्हातारे आहेत, त्यांच्या पाठीमागं मी पथारी टाकते. ते सारखे खोकतात, त्यामुळं त्या कोपऱ्याकडं कुणी फिरकत नाही. मी त्यांचे पाय चेपते, ते मला त्यांच्या वाटणीची अर्धी भाकर देतात. त्यांनी एकदाच विचारलं, की पोरी, तुला माणसं हायत का? मी म्हटलं, एक बहीण हाय.

पंचमी जवळ येईल तसं मला घर फार आठवेल. दर वर्षी अण्णा तुला न्यायला हळ्ळीखेडला जायचा. तू हिरव्या बांगड्या भरून लिंबाच्या झोक्यावर बसायचीस आणि मी खाली दोर धरून उभी. बिदरला गुरुआईच्या घरी राहायला गेल्यापासून मीही दर पंचमीला वाट बघायची, की आता आपणही परक्या घरी आहोत, आपल्यालाही कुणी न्यायला येईल. गुरुआई हसायची. अण्णाला विचारून बघ, यंदा तरी येतोस का म्हणून. जामीन काय आणि पंचमी काय, न्यायला आला की झालं.

आईला माझा नमस्कार सांग, आणि कुणाचा ते सांगू नकोस. लोभ कमी होऊ देऊ नकोस.

तुझी,
भाग्यलक्ष्मी


हळ्ळीखेड (बी),
९ जून २०२४

चि. भाग्यलक्ष्मी हिस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून मी अन्न टाकलं. मग विचार केला की उपाशी राहून तुझं काय भलं होणार, आणि उठून कामाला लागले. त्या कामाचं फळ ऐक.

माझी नणंद हुलसूरला दिली आहे. तिचे चुलतसासरे जगदेवप्पा, म्हणजे आपले मामाच. बांधाच्या भांडणात त्यांच्या हातून माणूस गेला आणि जन्मठेप झाली, हे तू ऐकलं असशील. ते तुझ्याच जेलात आहेत. जुन्या कैद्यांतून साहेब एकेकाला बराकीचा मुकादम नेमतात, तसे ते मुकादम आहेत. त्यांच्या शब्दावाचून तिथं पान हलत नाही म्हणे.

मी अण्णापुढं रडले, भांडले, आणि शेवटी तो उठला. जामिनाचं नाव काढू नको म्हणाला, पण जेलात गेला. तुला भेटला नाही, त्याला ते जमलं नसतं. जगदेवप्पांना भेटला, पाया पडला, तंबाखू दिली आणि म्हणाला, की आमचं पोरगं हाय, तुमच्या नजरेखाली राहू द्या. मग दोघांनी मिळून साहेबाला विनंती केली. साहेबही तयार झाला, घरच्यांनीच म्हटल्यावर त्याला काय. तुला मामांच्या बराकीत हलवणार आहेत. कुठल्या परक्या खोकणाऱ्या म्हाताऱ्याच्या आडोशानं राहण्यापेक्षा आपल्या माणसाचा आधार केव्हाही बरा.

अण्णानं 'आमचं पोरगं' म्हटलं, हे मी पुन्हा लिहिते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा म्हटलं. आज मला पोटभर झोप लागेल.

तुझी वाट पाहणारी,
श्रीदेवी


जेलातून,
२३ जून २०२४

ती. श्रीदेवीअक्कास,
शि. सा. न. वि. वि.

मला मामांच्या बराकीत आणले आहे. मामा चांगले आहेत. जेवण चांगले आहे. माझी प्रकृती चांगली आहे. कोणतीही काळजी करू नये.

यापुढे पत्र कन्नडात लिहावे. माझा वाचायचा सराव होईल.

अण्णास नमस्कार. जामिनाचे शक्य तितक्या लवकर बघावे. पंचमीपर्यंत थांबू नये.

आपला,
सुनील


हळ्ळीखेड (बी),
७ जुलै २०२४

चि. भाग्यलक्ष्मी हिस,
अ. उ. आ.

एवढंसं पत्र, आणि तेही शाळेच्या निबंधासारखं. मामांच्या छायेत गेलीस आणि अक्काला विसरलीस का? खाली सही 'सुनील' अशी कुणासाठी केलीस? आणि कन्नड कामून? माझं कन्नड बाजारहाटाचं. त्यात मी तुला कांद्याचा भाव लिहीन, मनातलं कसं लिहू. मी आपली मराठीतच लिहिणार.

आई खुशीत आहे. बीरलिंगापुढं रोज जगदेवप्पांच्या नावानं दिवा लावते. तुझ्या नावानं लावायचा तिला अजून धीर होत नाही, पण त्या दिव्यात तूच आहेस, हे मला दिसतं.

जामिनाचं मात्र अडलं. अण्णा म्हणाला, तिथं आपल्या माणसाजवळ नीट राहायलाय, मग घाई कशाची. पेरणीचे दिवस आहेत, होऊ दे निवांत. मी त्याला तुझंच पत्र वाचून दाखवलं होतं, तुझा जीव निवांत आहे हे त्याला कळावं म्हणून. बरं लिहिलंस ते खरंच ना? एक ओळ तरी पहिल्यासारखी लिही, म्हणजे माझ्या मनातला खडा निघेल.

प्रेम आहेच, ते वाढो.

तुझी,
श्रीदेवी


शिवलीलाताईंच्या हाती,
१८ जुलै २०२४

ती. श्रीदेवीअक्कास,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र जेलाच्या खिडकीतून गेलेलं नाही, ताईंच्या पिशवीतून येतंय. म्हणून यातलं खरं आहे. आधीचं पत्र खोटं होतं, ते मी समोर बसलेल्या माणसाच्या सांगण्यावरून लिहिलं.

साहेबांना मराठी येत नाही, हे तुझं बरोबर. म्हणूनच मराठी पत्र आलं की ते मराठी येणाऱ्या कैद्याकडून वाचून घेतात. तो कैदी जगदेवप्पा. तुझी माझी सगळी पत्रं त्यानं वाचली आहेत. अण्णा भेटायला जायच्या आधीपासून त्याला मी कोण, कुठं झोपते, कुणाच्या आडोशाला आहे, सगळं माहीत होतं. भाग्यलक्ष्मी हे नावही त्याला तिथंच मिळालं. आता तो मला त्याच नावानं बोलावतो.

अक्का, तो माझ्यावर जबरदस्ती करतो. बराकीत गेले त्या आठवड्यापासून. पुढं त्यानं इतरांनाही पाठवायला सुरुवात केली. मी सुरुवातीला ओरडले. शिपाई आला, त्यानं बघितलं आणि म्हणाला, तुझ्या घरच्यांनीच तर तुला इथं मागून घेतलंय. जेलाच्या डॉक्टरला रक्त दाखवलं. त्यानं हात न लावता गोळ्या दिल्या आणि म्हणाला, बाहेर दुसरं काय करतोस. राघोबा माझ्यासाठी साहेबाकडं गेले होते. त्यांना दुसऱ्या दिवशी मारलं. आता ते माझ्याकडं बघत नाहीत, आणि बघू नये असंच मला वाटतं.

तू आणि अण्णानं माझ्या भल्यासाठी केलंत. आपल्याकडं कुणी परगावी गेलं की आधी तिथं आपला माणूस शोधतात, मीही शोधला असता. तरी मला तुझा राग आला, खोटं कशाला सांगू. तो आता उरला नाही, कारण राग करायलाही अंगात काही लागतं.

तक्रार करू नकोस. तक्रार केली की मला जपायच्या नावाखाली एकटीला कोठडीत टाकतील, आणि तिची किल्ली त्याच शिपायांकडं. मला फक्त बाहेर काढ. अण्णा जे म्हणेल ते मला कबूल आहे. केस काप म्हणाला तर कापते. सुनील हो म्हणाला तर होते. तेवढा न्यायला ये म्हणावं.

तुझी,
भाग्यलक्ष्मी


शिवलीलाताईंच्या हाती,
३१ जुलै २०२४

चि. भाग्यलक्ष्मी हिस,
अ. उ. आ.

तुझं पत्र धुण्याच्या दगडावर बसून वाचलं. नंतर बराच वेळ मी नुसती पाणी ओतत राहिले. मला तुझी क्षमा मागायची नाही, कारण तू करशील, आणि मला ती नको आहे.

तू नको म्हणालीस तरी मी ताईंबरोबर साहेबाकडं गेले. त्यानं खुर्ची दिली, चहा दिला. म्हणाला, कागदावर पुरुष आहे तर पुरुषांतच ठेवणार. तक्रार करायची तर करा, पण चौकशी होईल, कैद्याला वेगळं ठेवावं लागेल, जामीन लांबेल. बाहेर आल्यावर ताईंनी समजावलं, की या जुलैपासून नवा कायदा आला, त्यात पुरुषावर झालेल्या जबरदस्तीचं कलमच राहिलं नाही, आणि कागदावर तू पुरुष. जूनमधल्याला तेवढं जुनं कलम लागेल. तृतीयपंथी म्हणून एक वेगळा कायदा आहे, त्यात शिक्षा थोडी. त्या तरी लढायला तयार होत्या. कागद लिहून माझ्यापुढं ठेवला.

त्याआधी मी अण्णाला सांगितलं होतं. आडून नाही, सरळ सांगितलं. तो खळ्यात दोर वळत होता. दोर खाली ठेवला नाही. म्हणाला, असल्याचं काय बिघडायलंय, तिकडं बिदरात काय करत होता त्यो. मग म्हणाला, हे हुलसूरच्या घरात गेलं तर तुझ्या नणंदेला ते हाकलतील, आणि तुझी सासू तुला. दोन्हीकडची लेकरं उघड्यावर येतील ती कुणामुळं, ते ठरव. तो ओरडून बोलला असता तर मी भांडले असते. तो शांतपणे बोलला.

कागदावर मी सही केली नाही. भ्याले. भाग्यलक्ष्मी, मी घरी आले, भाकरी थापल्या, सगळ्यांना वाढल्या.

जामिनाला अण्णा तयार झालाय. शेताचा पहाणी उतारा कोर्टात ठेवणार. त्याच्या अटी अशा, की तक्रार नाही, केस नाहीत, साडी नाही, आणि खटला संपेपर्यंत तू त्याच्याच घरी राहायचं. पंचमीच्या आदल्या दिवशी तो तुला न्यायला येतोय. तू हेच मागितलं होतंस.

तुझी,
श्रीदेवी


॥ श्री बीरलिंग प्रसन्न ॥

हुलसूर,
१७ ऑगस्ट २०२४

रा. रा. इरप्पा यांस,
जगदेवप्पाचा रामराम, वि. वि.

आपणा सर्वांच्या पुण्याईने स्वातंत्र्यदिनी सरकारने चांगल्या वर्तणुकीबद्दल माझी उरलेली शिक्षा माफ केली. साहेबांनी हार घातला. घरी सर्व क्षेम आहे. शेताकडे पाहून डोळे भरून आले.

आपण सोपवलेली जबाबदारी मी घरच्या मुलासारखी पार पाडली. पोरगं हळवं आहे, त्याला थोडा धाक हवा, तो आपण ठेवालच. सुभद्राबाई माझ्या नावाने देवापुढे दिवा लावतात, हे पत्रातून समजले होते. त्या माउलीच्या हातची पुंडीची भाजी व भाकर खावी, अशी फार दिवसांची इच्छा आहे. सोमवारी, २६ तारखेस यावे म्हणतो. सुनीलास भेटून बरे वाटेल.

त्याची सर्व पत्रे माझ्या डोळ्यांखालून गेली आहेत. अक्षर मोत्यासारखे आहे. या पत्राचे उत्तर त्याच्याच हातचे यावे, एवढी विनंती. घरोबा असाच टिकावा.

आपला,
जगदेवप्पा


ठाणाकुशनूर,
२१ ऑगस्ट २०२४

ती. श्रीदेवीअक्कास,
शि. सा. न. वि. वि.

अण्णा न्यायला आला होता. तुला ऐकायचं असेल, म्हणून लिहिते. जेलाच्या दारासमोरच्या झाडाखाली त्यानं न्हावी आणून बसवला होता. केस कापून होईपर्यंत तो पाठ करून उभा राहिला. मग बसमध्ये मला खिडकीची जागा दिली, तुला द्यायचा तशी. वाटेत शेंगा घेऊन दिल्या. अक्का, तो वाईट माणूस असता तर सोपं झालं असतं.

आईनं लाह्या आणि शेंगदाण्याच्या उंड्या केल्या होत्या. माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, कसं चांगलं दिसायलास. बांगडीवाली दारात आली, तिला आईनं घाईनं शेजारी पाठवलं. दुपारी गल्लीतल्या पोरी झोक्यावर बसल्या. मी दोर धरला.

दर सोमवारी पोलीस ठाण्यात सही करायला जायचं आहे. मी कुठं निघून गेले तर अण्णाचं शेत अडकेल, हे तो रोज एकदा आठवण करून देतो. गुरुआईचा निरोप आला होता, मी उत्तर दिलं नाही.

काल जगदेवप्पाचं पत्र आलं. अण्णानं ते अंगणात बसून मोठ्यानं वाचलं. आईला फार आनंद झाला, तिनं लगेच पुंडी कुणाच्या रानात मिळेल याची चौकशी केली. तू सांगितलेलं सगळं अण्णाला ठाऊक आहे, तरी तो माझ्याकडं न बघता पुढचं पुढचं वाचत गेला. उत्तर लिही म्हणाला. मी नाही म्हटलं. कामून न्हाई म्हणायलास, एवढं केलंय त्या माणसानं, असं आईनं विचारलं. तिला काही माहीत नाही. अण्णा माझ्याकडं बघत होता, आणि मी सांगणार नाही हे त्याला माहीत होतं.

तू सोमवारी येऊ नकोस. तू आलीस तर बोलशील, आणि मग तुझं घर जाईल, नणंदेचं जाईल. मी सकाळी ठाण्यात सही करून येईन, त्याला पाणी देईन, ताट वाढीन. पुढचं मी ठरवलेलं नाही, आणि कुणी मला विचारलेलंही नाही.

उत्तर मी लिहिलं. वर शि. सा. न. वि. वि. घातलं, मधे आपण अवश्य यावे असं लिहिलं, शेवटी लोभ असावा ही विनंती, असंही लिहिलं. खाली सुनील अशी सही केली. अण्णानं ते वाचलं आणि म्हणाला, अक्षर अजून तसंच हाय.

तुझ्या पत्राखाली लोभाचं काही लिहीत नाही. ते शब्द कालच्या पत्रात गेले. नावही घालत नाही, अक्षरावरून ओळखशील.